दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

मामांना कमी ऐकू यायला लागलंय, हे मला मामीच्या आवाजावरून कळलं. मामी तशी हळू बोलणारी बाई. तिनं मारलेली हाक शेजारच्या खोलीतही जायची नाही. पण त्या उन्हाळ्यात मी दौंडला त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये शिरले, तेव्हा ती स्वयंपाकघरातून ‘चहा घेता का?’ असं एवढ्या मोठ्यानं विचारत होती, की आजूबाजूच्या दोन क्वार्टरमधल्या लोकांनीही हो म्हणावं. मामा समोरच्या खोलीत पेपर धरून बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. मला आधी वाटलं, दोघांचं भांडण झालंय.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. रेल्वेत फिटर होते. सगळी नोकरी डिझेल इंजिनांच्या पोटाशी उभं राहून केलेली. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही आठवण झाली तर. मीच त्यांना हट्टानं पुण्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि नंतर मला समजावून सांगितलं, की असल्या दुखण्यात पातळ आवाज आधी जातात, मग हळूहळू जाड. गेलेलं परत येत नाही, आणि आहे तेही किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. मशीन लावून बघू म्हणाले. मामांनी सपशेल नकार दिला. ‘म्हातारा दिसंन मी,’ म्हणाले. रिटायर व्हायला अजून बरीच वर्षं होती त्यांची.

परतीच्या गाडीत पाटस मागं पडलं. तेव्हा मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘बाकी कायबी न्हाई गं. ते गाणं तेवढं पुरं ऐकायचं राहिलं.’

कोणतं गाणं, हे मला विचारावं लागलं नाही. मामांचे कान पुरते जाण्याआधी ते गाणं शेवटापर्यंत त्यांना ऐकवायचं, हे मी त्याच गाडीत ठरवून टाकलं. मी हट्टी आहे. आमच्या घरात हे कुणी कौतुकानं म्हणत नाही.

ते गाणं आमच्याकडे आलं नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना. मामांच्या शेजारी एक गार्डसाहेब राहायचे. ख्रिश्चन कुटुंब, घरात गिटार, भिंतीवर लांब केसांच्या पोरांची पोस्टर. ते कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा सामान बांधता बांधता त्यांनी मामांना एक कॅसेट एका दिवसापुरती ऐकायला दिली. वर नाव नाही, गाव नाही. कुणीतरी कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली, तीही बहुतेक चौथ्या-पाचव्या हातानं आलेली. आत नुसता दणदणाट. तो आपल्याला आवडला, याचं मामांना स्वतःलाच नवल वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कॅसेट परत द्यायची होती, म्हणून त्यांनी ती घाईघाईनं उतरवून घेतली.

कॅसेट उतरवायची पद्धत तिथल्या सगळ्या क्वार्टरमध्ये एकच होती. दोन टेप समोरासमोर, तोंडाला तोंड लावून ठेवायचे. एकात वाजवायचं, दुसऱ्यात भरायचं. दारं-खिडक्या बंद, आणि ती बाजू संपेपर्यंत घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. पण दौंडसारख्या जंक्शनमध्ये शांतता आणायची कुठून? दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मध्येच यार्डातल्या एका इंजिनानं भोंगा दिला, तो त्या गाण्यात कायमचा बसला. आणि ते गाणं संपायच्या आत आमची कॅसेट संपली.

मी सुट्टीत दौंडला गेले तेव्हा मामांनी मला ती लावून दाखवली. बाकीची गाणी बरी होती. हे एक मात्र निराळंच. विलक्षण संथ. डोक्यावर पोतं घेऊन कुणी जिना चढावं तशी एकेक पाऊल टाकत जाणारी गिटार, गायकाचा खोल, जाड आवाज, आणि भाषा कुठली ते कुणास ठाऊक. इंग्रजी नव्हती एवढं नक्की. शेवटाकडे सगळी वाद्यं थांबतात, एकटा ड्रम उरतो, तो वाढत जातो, गायक एक लांब श्वास घेतो, आणि खट्. टेपचं बटण वर.

त्या खट्नंतर मामांचं काम सुरू व्हायचं. माझ्या आजोबांनी हलगी वाजवणं ठरवून सोडलं होतं. धम्म घेतल्यावर आमच्या वस्तीतल्या सगळ्यांनीच सोडलं होतं, दुसऱ्याच्या दारात वाजवायला उभं राहायचं नाही म्हणून. मामांनी हलगीला कधी हात लावला नाही. पण बोटं काही ऐकायची नाहीत. टेप थांबला की ते पत्र्याच्या ट्रंकेवर उरलेलं गाणं स्वतःच वाजवून पुरं करायचे, दर वेळी निराळं. कधी दाणकन तोडायचे, कधी हळूहळू विरवत न्यायचे. मग माझ्याकडे बघायचे. ‘आसं आसंल का गं?’

‘नाही,’ मी म्हणायचे.

‘मग कसं आसंल?’

मी तरी कुठून सांगणार? पण ‘नाही’ म्हणायला मला फार आवडायचं, आणि ते ऐकायला त्यांना.

त्या कॅसेटनं मला नादी लावलं. आमच्या शिरूरच्या कॅसेटच्या दुकानात सिनेमाची गाणी, लावण्या आणि भक्तिगीतं. असल्या दणदणाटाला मेटल म्हणतात, एवढं मला कुठूनसं कळलं होतं. मी दुकानदाराला विचारलं, ‘मेटल आहे का?’ त्यानं मला भांड्यांच्या दुकानाचा रस्ता दाखवला. तेव्हा असलं संगीत माणसांच्या हातांतूनच यायचं. कुणाचा तरी चुलतभाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला, त्याच्या होस्टेलवर कुणाकडे तरी एक कॅसेट, ती फिरत फिरत कधीतरी आपल्यापर्यंत पोचायची. पोचली की वर्षभर पुरायची. न आवडलेलं गाणंसुद्धा पाठ व्हायचं, कारण दुसरं ऐकायला होतंच काय? मी दार लावून ऐकत बसले की आई बाहेरून विचारायची, ‘कुणाला मारायला लागलेत गं ते?’ पोरीच्या जातीनं असलं ऐकावं, हे तिला कधीच पटलं नाही. मी पटवायच्या भानगडीतही पडले नाही.

डिप्लोमा करून मी रांजणगावला एका कंपनीच्या क्वालिटी विभागात लागले. मामांच्या कानांचं कळलं ते याच काळात. शिरूरला एसटी स्टँडजवळ एव्हाना सायबर कॅफे निघाला होता. पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरलं, की मी थेट तिथं जायचे. पडदे लावलेल्या फळकुटांच्या खोल्या, बहुतेक सगळी पोरं, आणि मी आत शिरले की पटापट काहीतरी बंद केल्याचे आवाज. कॅफेचा मालक मला पहिल्या दिवशी म्हणाला, ‘ताई, निकाल बघायचाय का?’ मी म्हटलं, ‘नाही, एक गाणं शोधायचंय.’ त्यानं कोणतं विचारलं. मी म्हटलं, ‘ते माहीत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?’

पण प्रश्न अगदी खरा होता. इंटरनेटवर सगळं मिळतं, असं जो तो सांगत होता. मिळतं, पण नाव माहीत असेल तर. आमच्याकडे ना बँडचं नाव, ना गाण्याचं, ना एक शब्द कळणारा. काय टाइप करायचं? पहिल्या आठवड्यात मी ‘संथ, दुःखी, मेटल’ असलं इंग्रजीत लिहून बघितलं आणि भलतंच काय काय बघून परत आले.

मग मला फोरम सापडला. फोरम म्हणजे जगभरातले एकाच वेडाचे लोक जिथं एकमेकांना लिहून गप्पा मारतात ती जागा. तिथं माझ्यासारखे शेकडो होते. कुणी लहानपणी रेडिओवर ऐकलेलं गाणं शोधत होता, कुणी मेलेल्या मित्राच्या कॅसेटवरचं. मला त्या दिवशी एवढा आनंद झाला, की मी एकटीच पडद्याआड हसत बसले. तोवर मला वाटत होतं, असली वेडी माणसं जगात दोनच आहेत आणि दुसरं दौंडला ट्रंक बडवतंय.

मी गाण्याचं वर्णन लिहिलं. लोक म्हणाले, वर्णन नको, गाणं ऐकव. म्हणून मी दौंडहून मामांचा टेप आणि ती कॅसेट आणली. टेपमधून कॉम्प्युटरमध्ये आवाज घालायची वायर मामांनीच जोडून दिली होती. ती सगळी वरात कॅफेत घेऊन गेले. मालक म्हणाला, ‘ताई, हितं पोरं काय काय बघाया येत्यात. टेप घेऊन येणाऱ्या तुमीच पहिल्या.’ गाणं कॉम्प्युटरमध्ये भरलं, आणि ते फोरमवर चढवताना दोनदा लाईट गेली. तिसऱ्या वेळी कुठं ते पूर्ण गेलं. टेप आणि कॅसेट मी पुढच्याच रविवारी दौंडला परत पोचवली.

दुसऱ्या दिवशी उत्तरांचा ढीग. चिली नावाच्या देशातला एक जण तर पार वेडा झाला होता. गाण्याच्या मध्ये जो लांबलचक आवाज येतो, तो म्हणे मरत चाललेल्या कारखान्याचा टाहो आहे, असलं धाडस आजवर कुणी केलेलं नाही. मी त्याला कळवलं, की बाबा, तो दौंडच्या यार्डातल्या इंजिनाचा भोंगा आहे. त्याला वाटलं, दौंड हे बँडचं नाव. पुढं कितीतरी दिवस तो भेटेल त्याला ‘दौंड ऐकलंय का?’ असं विचारत होता. मी हे मामांना ओरडून सांगितलं तेव्हा ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

बाकीच्यांचं एकमत होतं: एवढं संथ आहे म्हणजे हे डूम. मेटलमधला सगळ्यात जड, सगळ्यात सावकाश प्रकार. झालं, मी डूमच्या मागं लागले. फिनलंडचे संथ, रशियाचे संथ, पोर्तुगालचे संथ, एकेक बँड काढून ऐकत सुटले. एक गाणं उतरायला अख्खी संध्याकाळ जायची, आणि उतरल्यावर कळायचं, वर नाव एकाचं आणि आत गाणं दुसऱ्याचं. पूर्वी वर्षाला एक कॅसेट मिळायची, आता एका बैठकीत वीस बँडची नावं मिळत होती. त्यातली कितीतरी गाणी मला मनापासून आवडली, आजही मी ती ऐकते. पण तेव्हा मला त्यांचा राग यायचा. मला हवं होतं ते एक सोडून इंटरनेट मला सगळं देत होतं, आणि तिकडे मामांचे कान वाट बघायला तयार नव्हते.

दौंडला फोन केला की आता मामीच घ्यायची. ‘त्ये बाहेर गेल्यात,’ म्हणायची, आणि मागं तीच कॅसेट मोठ्या आवाजात वाजताना मला ऐकू यायची. मामांना फोनवरचं बोलणं कळेनासं झालं होतं आणि ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. समोर बसलं की ते माझ्या ओठांकडे बघायचे. मी ओळखीच्या गोष्टी बोलले तर अचूक उत्तरं द्यायचे, नवीन काही बोलले की ‘व्हय व्हय’ म्हणायचे. त्या ‘व्हय व्हय’ची मला धास्ती बसली होती.

फोरमवर एकानं लिहिलं, की असा बँडच जगात नाही, हे तुमच्याच कुणीतरी वाजवलंय आणि आम्हाला बनवताय. दुसऱ्यानं सल्ला दिला, काही गाणी हरवलेलीच बरी असतात. मला असा संताप आला, की शब्दकोश उघडून दोघांना असं इंग्रजी सुनावलं, जे मी मराठीतही कुणाला बोलले नसते. हरवलेलीच बरी म्हणे! ज्याला ऐकू येतं, त्याला असलं बोलायला काय जातं?

उत्तर मिळालं ते फोरमवर नाही, मामीकडून. असंच एका रविवारी मी दौंडला गेले होते. मामा बाजारात गेलेले. मामी मेथी निवडत होती आणि मी तिच्यासमोर माझं रडगाणं गात होते, की एवढं हळू गाणारा बँड जगात कुठंच कसा सापडत नाही.

मामी म्हणाली, ‘हळू न्हाई तर काय व्हनार? शेल बसलं व्हतं ना त्यातलं.’

‘कशातले सेल?’

‘त्या वाजवायच्या टेपातलं. लाईट न्हवती त्या दिवशी. कॅसेट तर सकाळी परत द्यायची. घरात नवं शेल चारच. तुझं मामा म्हन्लं, नवं शेल भरायच्या टेपात घालू, म्हंजी आपली कॅसेट चांगली भरंल. आन् वाजवायच्या टेपात बॅटरीतलं जुनंच शेल घातलं. मी तवाच म्हन्लं व्हतं, ह्यो बाबा रडतोय कसा. पर मला इचारतंय कोण?’

ते जुने सेल शेवटच्या गाण्यापर्यंत येता येता पार बसले असणार. मामांनी चांगले सेल कॅसेट भरणाऱ्या टेपात घातले होते, कारण काळजी घ्यायची ती भरतानाच, हे कुणालाही पटावं. दोन्हीत जुने सेल असते, तर दोन्ही टेप सारखेच रेंगाळले असते आणि गाणं जवळपास नीट उतरलं असतं. पण एक रेंगाळला आणि दुसरा नीट चालला. त्यामुळे गाणं लांबलं, जड झालं, आणि लांबल्यामुळंच आमच्या कॅसेटमध्ये मावलं नाही. त्याचा शेवट कापला गेला तो म्हणूनच. ते गाणं संथ नव्हतंच. मी आणि माझ्याबरोबर अर्धं जग भलत्याच गल्लीत शोधत होतो. मी मामीला मिठी मारली. तिनं मला मेथीचे देठ टाकायला पाठवलं.

सोमवारी कंपनीची बस शिरूरला पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावतेय असं मला वाटत राहिलं. कॅफेत एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवलं आणि गाण्याचा वेग वाढवत गेले. एका ठिकाणी आल्यावर ते सरळ झालं. वाकून चालणारा माणूस ताठ उभा राहावा तसं. गायकाचा आवाज वर चढला, गिटार पळायला लागली. तेवढा आमचा भोंगा मात्र पिपाणीसारखा वाजला. मी ते पुन्हा फोरमवर टाकलं.

पोलंडमधल्या एका माणसाचं उत्तर आलं. हे माझ्या थोरल्या भावाच्या कपाटात आहे, त्यानं लिहिलं. आमच्याच भागातली पोरं. एकच रेकॉर्ड काढली आणि बँड फुटला. ड्रम वाजवणारा आता बेकरी चालवतो. त्यानं ती रेकॉर्ड लावून, स्वतः कॉम्प्युटरमध्ये भरून मला पाठवली. आम्ही एकमेकांना कधी बघितलं नाही, बघणारही नाही. त्याच्याबद्दल मला आजही जे वाटतं, ते सख्ख्या नात्यातल्या फार थोड्या लोकांबद्दल वाटतं.

मी ते ऐकलं. खरं सांगायचं तर आधी हिरमोड झाला. आमच्या गाण्यातला तो पोक्त, थकलेला गायक गायब. त्याच्या जागी मिसरूड फुटलेला, घाईत असलेला कुणी पोरगा. पण शेवट होता. गायक तो लांब श्वास घेतो आणि पुढं गातच नाही. ड्रम एकटाच वाढत जाऊन गाणं संपवतो. मी ते कितीतरी वेळा लावलं आणि प्रत्येक वेळी मामांची ट्रंकेवरची बोटं माझ्या डोळ्यांसमोर आली.

सीडी करून, हेडफोनचा लहान प्लेअर घेऊन मी रविवारी एसटीत बसले. न्हावरा, चौफुला, वरवंड, प्रत्येक थांब्यावर पिशवीत हात घालून सीडी आहे ना ते बघत होते. मामांना मी काहीच सांगितलं नाही. खुर्चीत बसवलं, हेडफोन कानांवर घातला, आवाज पूर्ण वाढवला आणि प्लेअर माझ्या हातात ठेवला.

त्यांनी डोळे मिटले. मान हलवायला लागले. मी प्लेअरवरचे आकडे बघत होते. श्वास आला असेल, ड्रम चढला असेल, आणि आकडे थांबले. गाणं संपलं. मामा मान हलवतच होते. डोळे मिटलेले, ओठांवर हसू, खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल, आणि हेडफोनमध्ये काहीही नाही. बराच वेळ झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, ‘व्हय व्हय. ह्येच त्ये. झकास हाय.’

वेग निराळा, आवाज निराळा, तरी ‘ह्येच त्ये’. माझ्यासाठी त्यांनी ऐकल्याचं नाटक केलं होतं. मी पण हसून मान हलवली, आणि मागच्या अंगणात जाऊन धुण्याच्या दगडावर बसून रडले. आपल्याला उशीर झाला, याशिवाय दुसरं काही मनात येत नव्हतं.

रडून झाल्यावर राग आला, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं. परतीच्या एसटीत मी विचार केला. फोनमागं ती कॅसेट वाजत असते. ज्याला काहीच ऐकू येत नाही, तो कॅसेट लावेल कशाला? डॉक्टर म्हणाले होते, पातळ आवाज आधी जातात. आमचं कॅसेटवरचं गाणं जड होतं, खाली बसलेलं होतं. ते मामांना अजून ऐकू येत होतं. त्या पोलंडच्या पोराचं चढलेलं, पळणारं गाणंच तेवढं त्यांच्या कानांच्या हद्दीबाहेर गेलं होतं.

म्हणजे आता मला उलटं काम करायचं होतं. एवढ्या खटपटीनं सरळ केलेलं गाणं पुन्हा वाकवायचं. त्या आठवड्यात मी रोज कॅफेत बसले. आमच्या कॅसेटइतका वेग उतरवला, मग त्याहून थोडा आणखी. जे आवाज दबले ते उचलले, जे टोचत होते ते कापले. हेडफोनवर जाड टॉवेल दाबून ऐकायचे, म्हणजे मामांना कसं पोचेल त्याचा अंदाज यावा. कॅफेचा मालक एकदा पडद्याआड डोकावला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेली मी त्याला दिसले, आणि त्यानं पडदा हळूच पुन्हा ओढून घेतला.

पुढच्या रविवारी मामा हेडफोन घालायला तयार होईनात. ‘आईकलं की गं त्या दिवशी. झकास हाय म्हन्लो ना.’ मी त्यांच्यासमोर बसले, ओठ नीट हलवत म्हटलं, ‘मामा, तुम्ही ऐकलं नाही. मला माहीत आहे. आज ऐका.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं, आणि हेडफोन स्वतःच कानांवर चढवला.

पहिल्या गिटारलाच त्यांचे डोळे उघडले. या वेळी मान हलली नाही, ते नुसते बसून राहिले. एकदा त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबला. वाद्यं थांबली असतील तेव्हा त्यांनी मला हातानं खूण केली, गप्प बस म्हणून. मी बोलत नव्हतेच. ड्रम सुरू झाला असेल. त्यांची बोटं मांडीवर होती, पण वाजवत नव्हती. जिथं आमची कॅसेट संपायची ते ठिकाण गेलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. तोंड थोडं उघडं राहिलं, आणि ते कुणीतरी वाट सांगत असल्यासारखं लक्ष देऊन ऐकत राहिले. शेवटचा ठोका पडला असेल तेव्हा त्यांनी खांदे खाली सोडले. आकडे अजून चालत होते.

मग त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मागं वळून दाराकडे बघितलं.

‘कोन खोकलं गं?’

मामी विहारात गेली होती. घरात आम्ही दोघंच होतो. मी मान हलवून नाही म्हटलं, ‘इथं कुणी नाही खोकलं, मामा.’

‘हितं न्हाई गं. त्यांच्यात. वाजवून झाल्यावर. लांब बसलाय कुनीतरी.’

ते गाणं मी किती वेळा ऐकलं होतं त्याला गणती नाही. तरी त्यांच्या कानांवरून हेडफोन काढून मी माझ्या कानांवर घातला आणि गाणं मागं नेलं. ड्रम चढला, शेवटचा ठोका पडला. इथं मी दर वेळी संपलं म्हणून बंद करायचे. या वेळी बंद केलं नाही. थोडा वेळ काहीच नव्हतं, आणि मग अगदी हळू, खोलीच्या पार मागच्या कोपऱ्यात, कुणीतरी खोकलं.